सही केली आहे

ती. आई-बाबा,

फोनवर माझ्या सिनेमातल्या मारामारीच्या भूमिकेचा विषय निघाला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. करारावर सही मागच्या सोमवारीच केली. त्या रात्री फोन केला तो विचारायला नव्हे, सांगायलाच. पण तोंडातून शब्द निघाला नाही. तेवढं माझं चुकलं.

आई, तुझं एकच पालुपद: ब्रूस ली बत्तिसाव्या वर्षी गेला आणि तुला आता एकतिसावं. अगं, तो मारामारी करताना नाही गेला. 20 जुलै 1973 ला मेंदूला सूज आली; ती कशामुळे, यावर अजून वाद आहेत. पाठ दुखावली होती खरी, पण ती 1970 मध्ये व्यायाम करताना, खांद्यावर वजन घेऊन वाकताना, आणि म्हणतात की अंग नीट गरम न करता. माझा वॉर्म-अप किती लांबतो ते बाबांना विचार. क्लासबाहेरच्या बाकावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय.

आणि हो, शनिवार-रविवारी कराटे शिकवते ते वर्ग मी सोडलेले नाहीत. ब्रूस लीची अमेरिकेतली पहिली मालिका 26 भागांत आटोपली होती. पुढे कामं मिळेनात, तेव्हा स्टीव्ह मॅक्क्वीन, जेम्स कोबर्न यांच्यासारख्या नटांना शिकवूनच त्याने घर चालवलं. नाव झालं ते 1971 मध्ये, हाँगकाँगला परतल्यावर. रितिका सिंगचं उदाहरण दादाने तुम्हाला दिलंच असेल. किकबॉक्सिंगमधून आली, नायिका म्हणून पहिल्याच सिनेमात बॉक्सर झाली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. सगळ्यांचं तसं होत नाही, कळतं मला. माझी भूमिका तर चार प्रसंगांची आहे.

गंमत म्हणजे मला तिथे मारताच येईना! इतकी वर्षं कुमितेत, म्हणजे कराटेतल्या समोरासमोरच्या लढतीत, काय शिकले, तर ठोसा पूर्ण वेगाने न्यायचा आणि कातडीला टेकता टेकता थांबवायचा. फाइट मास्टर पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, हात थांबतोय, कॅमेऱ्यात दिसतंय." इथे ठोसा समोरच्याच्या तोंडापासून वीतभर लांबून आरपार न्यायचा. कॅमेरा त्याच्या पाठीमागून, म्हणजे मधलं अंतर दिसत नाही. मान त्याने झटकायची, आवाज नंतर भरतात. थोडक्यात, बाबा, क्लासमध्ये कुणाला लागायचं तेवढंही इथे लागत नाही. उडी असली की हार्नेस, खाली जाड गाद्या, आणि दोर दोघं-दोघं तपासतात.

मनगट जरा मुरगळलं होतं. दादाकडून कळण्याआधी मीच सांगते. तीन दिवस पट्टी होती, आता डबासुद्धा उघडते.

पट्टीवरून आठवलं. आई, माझा पहिला पांढरा पट्टा तुला बांधता यायचा नाही, गाठ नेहमी उभी राहायची. मग तू उशीला बांधून बांधून शिकलीस. परवा वेशभूषेतल्या ताईंनी पट्टा बांधला, गाठ उभीच. मी सोडून तुझ्यासारखी घातली. डोळ्यांत पाणी आलं ते मेकअपमुळे, असं सांगून टाकलं.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम पलंगावर बसून करायचे असतात, मालिका बघता बघता कर, पण कर. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवा. बिल मी भरते, त्यावरून बोलणी नकोत.

बाराव्या तारखेला शूटिंग आहे. दिवसभर माझा फोन बंद असेल. घाबरू नका, दादाला लावा. पॅकअप झालं की आधी तुम्हालाच करीन, कितीही वाजले तरी. बाबा, तेव्हा टीव्ही बंद ठेवा.

तुमची,
छकुली