ऑलिम्पिकचे नंतर पाहू, आधी नऊ खेळाडू की सात ते ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिल्लीत जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 आणि मुलांनी 54-36 असे हरवले. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्या सांगलीत मैदानावर भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो : ‘काय सर, ऑलिम्पिकला कधी?’ भारताने 2036 साठी इच्छापत्र दिले आहे, यजमान आपणच झालो तर आपला खेळ आत घेणे काय अवघड, असा पारावरचा हिशेब. आपल्या दैनिकातल्या मजकुरातही थोड्याफार फरकाने तोच सूर असतो. मला हा हिशेब पटत नाही. का, ते सांगण्यासाठी एका परक्या खेळाकडे बोट दाखवतो.

कॉर्फबॉल हे नाव ऐकलेला माणूस आपल्या जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. 1902 साली अॅमस्टरडॅममधल्या एका शाळामास्तरांनी, निको ब्रुकहाउझेन यांनी, हा खेळ बसवला. एका संघात चार पुरुष आणि चार स्त्रिया. साडेतीन मीटर उंच खांबावर टोपली, तिच्यामागे फळी नाही. चेंडू घेऊन पळायचे नाही, आपटत न्यायचा नाही, फक्त पास द्यायचा. बाईने बाईला अडवायचे, पुरुषाने पुरुषाला. दोन गोल झाले की दोन्ही संघांची जागा बदलते, म्हणजे मघाशी बचाव करणाऱ्याला आता टोपलीत टाकावेच लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुलामुलींना एका संघात खेळवायचे डोके त्या मास्तरांना होते, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे आजही काही गावांत मुलीला मैदानावर पाठवा म्हणून घरी जाऊन बसावे लागते.

हा खेळ 1920 आणि 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. 1933 मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळायला 1993 उजाडले. मान्यतेपुरतीच साठ वर्षे! 1978 पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू आहे, 1985 पासून ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या ‘वर्ल्ड गेम्स’मध्येही हा खेळ असतो. ऑलिम्पिकच्या मुख्य कार्यक्रमात मात्र अजूनही नाही. 2028 च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रोस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल घेतले, कॉर्फबॉल बाहेरच राहिला.

त्यांची एक अडचण तर थेट आपलीच आहे. 1991 मध्ये बेल्जियम जिंकले, तो एक अपवाद सोडला तर जागतिक अजिंक्यपद दर वेळी नेदरलँड्सकडे. एकाच घरात ढाल ठेवणाऱ्या खेळाला ‘जागतिक’ म्हणायला बाहेरचा माणूस का-कू करणारच. खो-खोच्या विश्वचषकात पुरुषांचे 20 आणि महिलांचे 19 संघ आले, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण ऑलिम्पिकच्या सनदेत बराच काळ लिहिलेला दंडक असा होता : पुरुषांत चार खंडांतले किमान 75 देश, महिलांत तीन खंडांतले किमान 40. आणि हे देश स्पर्धेपुरती जर्सी घालणारे नकोत, तिथे खेळ रुजलेला हवा.

रुजवायचा कसा, हे कॉर्फबॉलवाल्यांकडून शिकावे. त्यांनी नियम बदलले नाहीत असे नाही. खेळ रेंगाळतो म्हणून 25 सेकंदांत टोपलीकडे चेंडू टाकलाच पाहिजे, असे बंधन घातले. जिथे आठ जण जमत नाहीत तिथे चार-चारांचा खेळ काढला, वाळूवरचाही काढला. पण आठ जणांचा मूळ खेळ जागेवर ठेवून हे प्रकार शेजारी मांडले, त्यांची नावेही वेगळी ठेवली.

आपल्याकडे काय झाले? शाळेत शिकवतो त्या खो-खोत आठ जण चौकांत बसतात आणि नववा पाठलागावर. एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय मागे फिरायचे नाही, मध्यपाटी ओलांडायची नाही. विश्वचषकातल्या, टीव्हीवरच्या खो-खोत सात जण, त्यात एक वजीर, त्याला कुठल्याही दिशेला पळायची मुभा. बचावाची तुकडी ठरावीक वेळ टिकली की ‘ड्रीम रन’चे गुण. बघायला मजा येते, नाही म्हणणार नाही. नवीन प्रेक्षक याच खेळाने आणले. पण मध्यंतरी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत आठवीतली एक मुलगी पाठलागावर असताना अर्ध्यातून सरळ उलटी फिरली. मी शिट्टी मारली, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘सर, मी वजीर आहे.’ पायाखाली मुरूम, फक्कीच्या रेषा निम्म्या पुसलेल्या, आणि पोरीने विश्वचषक मोबाइलवर पाहिलेला. तिला फाऊल दिला. नियमाने बरोबर होता, पण तिला ते काही पटले नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही पटले नसते.

म्हणून आंतरराष्ट्रीय खो-खो महासंघाने पुढच्या झगमगाटाच्या आधी हा घोळ मिटवावा. नऊ जणांचा खेळ मूळ मानायचा की सात जणांचा, हे एकदा जाहीर करा. दुसरा प्रकार ठेवायचा असेल तर त्याला वेगळे नाव द्या. केनियातल्या किंवा ब्राझीलमधल्या शाळामास्तराने उद्या खेळ सुरू करायचा म्हटले, तर त्याने कोणते पुस्तक उघडायचे? मॅटचेही तसेच. मॅटवर सूर मारायला पोरांना भीती वाटत नाही, गुडघे सोलत नाहीत, हे मान्य. पण मॅट असल्याशिवाय खेळ नाही अशी समजूत झाली, तर दोन खांब आणि फक्कीवर चालणारा हा खेळ गरीब देशांत जाणार कसा? स्वस्तपणा हेच तर याचे बळ. मातीचे मैदानही अधिकृत आहे, हे नियमातच ठळकपणे असावे.

आणि पंच तयार करा. खेळाडू आपोआप तयार होतात, पंच होत नाहीत. परदेशात एखादा प्रशिक्षक वर्षभर ठेवायचा असेल तर सांगली, फलटणकडे निवृत्त खेळाडू कमी नाहीत, बोलावले तर जातील.

राज्य संघटनेला एवढीच विनंती की आंतरराष्ट्रीय निर्णय होईल तेव्हा होईल, पण सध्या शालेय सामन्यांना कोणते नियम लागू आहेत, त्याचे एक पान मराठीत छापून पावसाळी स्पर्धा सुरू व्हायच्या आत प्रत्येक शाळेत पोचवावे. त्यात ‘वजीर’ या खेळात नाही, हे पहिल्याच ओळीत लिहावे.

आपला,
एक क्रीडाशिक्षक व खो-खो पंच, सांगली