इंडोनेशियाची विमाने जमिनीवर का राहिली?

संपादक महोदय,

इंडोनेशियाच्या राफेल खरेदीवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ४२ विमाने, ८.१ अब्ज डॉलर, आग्नेय आशियातला बदलता समतोल, हे सगळे त्यात आहे. पण त्या हवाई दलाने याआधी घेतलेल्या विमानांचे पुढे काय झाले, याबद्दल एक ओळही नाही. हा प्रश्न टाळून इंडोनेशियाच्या हवाई ताकदीबद्दल काही बोलता येते, असे मला वाटत नाही.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी सोव्हिएत कर्जावर मिग-१७, मिग-१९, मिग-२१ आणि टीयू-१६ बॉम्बर घेतले. पश्चिम न्यू गिनीवरून डचांशी वाद पेटला होता आणि त्या काळात आग्नेय आशियात एवढे जबरदस्त हवाई दल दुसऱ्या कोणाकडे नव्हते. १९६२ मध्ये डच वाटाघाटीला तयार झाले, त्यात या विमानांच्या धाकाचाही वाटा होता. पुढच्या चार वर्षांत देशाचे दिवाळे निघाले. १९६६च्या सुमारास महागाईचा वार्षिक दर ६०० टक्क्यांच्या वर गेला. त्याआधी १९६५चा रक्तपात झाला होता, कम्युनिस्टांचे शिरकाण झाले आणि मॉस्कोशी संबंध बिघडले. सुटे भाग येईनासे झाले. १९७० उजाडेपर्यंत तो ताफा जवळजवळ संपूर्ण जमिनीवर होता. त्यातली काही मिग-२१ पुढे अमेरिकेकडे गेली आणि सोव्हिएत विमानांशी कसे लढायचे हे अमेरिकी वैमानिक त्यांच्यावर शिकले.

मी नाशिकचा आहे, त्यामुळे इथे ओझरची आठवण येणे साहजिक आहे. भारताकडे मिग-२१ आले १९६३ मध्ये, म्हणजे इंडोनेशियाच्या अगदी मागोमाग. आपल्याकडेही तेव्हा परकीय चलनाची चणचण होती, रुपयाचे अवमूल्यन झाले, दुष्काळ पडले. तरी आपले मिग-२१ सप्टेंबर २०२५ पर्यंत सेवेत राहिले. या विमानाने आपलेही अनेक वैमानिक गिळले, ते विसरता येणार नाही. पण विमान ओझरला, त्याचे इंजिन कोरापुटला आणि उपकरणे हैदराबादला बनत होती, म्हणून ताफा बंद पडला नाही. इंडोनेशियाने विमाने घेतली, पण ती दुरुस्त करण्याची कुवत विकत घ्यायला त्याला ना वेळ मिळाला ना पैसा.

ती कुवत उभी करण्याचा प्रयत्न पुढे तंत्रज्ञानमंत्री हबिबी यांनी बांडुंगच्या विमान कारखान्यात केला, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. सीएन-२३५ हे स्पेनबरोबर बनवलेले वाहतूक विमान आजही अनेक देशांत उडते. एन-२५० हे पूर्ण स्वदेशी आराखड्याचे विमान ऑगस्ट १९९५ मध्ये आकाशात झेपावले. मग १९९७चे संकट आले. डॉलरला सुमारे २,४०० असलेला रुपिया जानेवारी १९९८ मध्ये १५ हजारांच्याही खाली घसरला. नाणेनिधीने मदतीच्या अटींमध्ये या विमान प्रकल्पाचा सरकारी पैसा बंद करायला लावला. २००३ मध्ये कारखान्यातल्या हजारो कामगारांना घरी पाठवले गेले आणि २००७ मध्ये तर न्यायालयाने कंपनीला दिवाळखोर ठरवले. तो निकाल दोन महिन्यांच्या आत वरच्या न्यायालयात फिरला म्हणून ती वाचली. एन-२५० मात्र गेले ते गेलेच.

चलन कोसळते तेव्हा हवाई दलाचे नेमके काय होते, हे सामान्य वाचकाला सांगायला हवे. वैमानिकाचा पगार रुपियात असतो, पण टायर, सील, प्रोपेलरचे भाग आणि इंजिनाचे ओव्हरहॉल डॉलरमध्ये असते. अंदाजपत्रकातला आकडा तोच ठेवला तरी त्यात पूर्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढेही भाग येत नाहीत. मग हँगरमधल्या एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवायचे, उड्डाणाचे तास कमी करायचे आणि तपासणी पुढे ढकलायची. संचलनात उडायला चार विमाने असतातच, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. सुकार्नोंनंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी १९९७ मध्ये अमेरिकी एफ-१६ नाकारून १२ सुखोई घेण्याची घोषणा केली होती. काही महिन्यांतच तीही गुंडाळावी लागली.

त्यात १९९९ मध्ये इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमधल्या हिंसाचारामुळे अमेरिकेने लष्करी पुरवठा रोखला. तिथे इंडोनेशियाच्या सैन्याने आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी जे केले त्याचे समर्थन होऊच शकत नाही. निर्बंध योग्यच होते. पण त्यांची झळ हर्क्युलिस वाहतूक विमानांनाही बसली आणि १७ हजार बेटांच्या देशात हर्क्युलिस ही एसटीच असते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने आचे प्रांत उद्ध्वस्त केला, रस्ते वाहून गेले, तेव्हा हवाई दलाच्या ताफ्यातली बरीचशी हर्क्युलिस सुट्या भागांअभावी उभी होती. ते भाग देण्याचे अमेरिकेने जानेवारीत कबूल केले. याच आचेच्या लोकांनी १९४८ मध्ये वर्गणी काढून, अंगावरचे सोने देऊन नव्या प्रजासत्ताकाला ‘सेउलावाह’ हे डकोटा विमान घेऊन दिले होते. डिसेंबरमध्ये डचांनी पुन्हा हल्ला चढवला तेव्हा ते कोलकात्यात ओव्हरहॉलसाठी आले होते, म्हणून बचावले.

२००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेगावतींच्या सरकारने रशियाकडून चार सुखोई घेतली. त्यांची किंमत अंशतः पामतेलासारख्या मालात चुकवायची होती. व्यवहार अन्नधान्य महामंडळामार्फत झाला, संसदेत गदारोळ झाला, चौकशी समिती बसली. पैसा नसलेल्या देशाने मालाच्या बदल्यात खरेदी करण्यात मला गैर काही दिसत नाही. गैर हे की ती विमाने शस्त्रास्त्रांशिवाय आली, आणि त्याच वर्षी आधीपासून ताफ्यात असलेल्या एफ-१६ना भाग मिळत नव्हते.

याची किंमत कोणी मोजली? मे २००९ मध्ये पूर्व जावात हर्क्युलिस कोसळून शंभराच्या आसपास माणसे गेली. जून २०१५ मध्ये मेदान शहरात दुसरे कोसळले. ते विमान १९६४ साली बनलेले होते. १३०हून अधिक जण मेले, त्यांत सैनिकांचे कुटुंबीय होते, खाली वस्तीतले लोकही होते. प्रत्येक अपघाताचे तांत्रिक कारण वेगळे असते, हे मान्य. पण बायकामुलांना ५१ वर्षांच्या विमानात बसवण्याची वेळ आणणारे कारण तांत्रिक नव्हते.

म्हणूनच कतारकडून १२ वापरलेली मिराज घेण्याचा करार जकार्ताने २०२४ मध्ये पैशाअभावी सोडला, तेव्हा अनेकांनी त्याला नामुष्की म्हटले, ते मला पटत नाही. तो शहाणपणाचा निर्णय होता. दक्षिण कोरियाबरोबरच्या केएफ-२१ लढाऊ विमानाच्या प्रकल्पात इंडोनेशियाने विकासखर्चाचा पाचवा हिस्सा कबूल केला, हप्ते थकवले आणि शेवटी आपला वाटा कबूल केलेल्या रकमेच्या जवळपास एक तृतीयांशावर आणून घेतला. राफेलसाठीही कर्जच आहे. त्या कर्जाबरोबर पुढच्या तीस वर्षांचा देखभालीचा खर्च बांधून ठेवला आहे का, हे तिथल्या संसदेने विचारायला हवे.

आणि आपल्या संरक्षण प्रतिनिधींना माझी आग्रहाची विनंती आहे. खरेदीची बातमी देताना, मग ती जकार्ताची असो वा दिल्लीची, किती विमाने येणार याबरोबरच आहेत त्यातली किती उड्डाणयोग्य आहेत आणि सुट्या भागांसाठी यंदा किती तरतूद आहे, हे दोन आकडे छापावेत. मिळाले नाहीत तर मिळाले नाहीत असे छापावे.

आपला,
एक वाचक, नाशिक