हरलेल्या जोडीतला दुसरा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेत उपाध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या माणसाला पुढे काही भवितव्य असतं का, की एकदा पडला की तो कायमचा संपला, असं तू विचारलं आहेस. दोन ओळींत उत्तर दिलं असतं, पण मग ते पटण्यासारखं झालं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधी सांगतो. पराभवानं यातले फार थोडे संपले. बाकीचे संपले ते दोन कारणांनी. एक तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती कुठलंच पद नव्हतं. नाहीतर जोडीला पडलेली मतं आपलीच आहेत असं ते धरून चालले.

हे दुसरं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. तिथे उपाध्यक्षाला वेगळं मत देताच येत नाही. मतपत्रिकेवर जोडी असते आणि लोक मत देतात ते वरच्या नावाकडे बघून. शिवाय हा दुसरा माणूस निवडतो एकटा अध्यक्षपदाचा उमेदवार. पक्षाचं अधिवेशन त्यावर फक्त शिक्का मारतं. कमला हॅरिस यांच्या जोडीतले टिम वॉल्झ यांची निवड ६ ऑगस्ट २०२४ला झाली आणि मतदान ५ नोव्हेंबरला. तीन महिन्यांत माणूस घरोघरी माहीत होतो, पण ते विमान, तो नोकरवर्ग, भाषणं लिहिणारे, देणगीदारांची यादी, सगळं वरच्या उमेदवाराच्या समितीचं असतं. निकाल लागला की माणसं पांगतात आणि यादी त्या समितीकडेच राहते. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्याचा हा प्रकार आहे. उरतं ते नाव, आणि नावाची मतं होत नाहीत.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे विल्यम मिलर. १९६४मध्ये गोल्डवॉटर यांच्याबरोबर ते उभे राहिले. न्यूयॉर्कमधली प्रतिनिधीगृहाची जागा त्यांनी सोडली होती. हरल्यावर ते लॉकपोर्टला वकिलीकडे परतले. १९७०च्या दशकात अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डाच्या एका जाहिरातीत ते दिसले. ‘मला ओळखलंत का?’ असं विचारणाऱ्या त्या जाहिराती होत्या. दहाएक वर्षांपूर्वी देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी लढलेला माणूस त्या प्रश्नात अगदी चपखल बसत होता.

आता पदाचं बघ. तिथल्या काही राज्यांत एकाच दिवशी दोन निवडणुका लढवता येतात. टेक्सासनं १९५९मध्ये कायदाच तसा बदलून घेतला, कारण लिंडन जॉन्सन यांना पुढच्या वर्षी राष्ट्रीय उमेदवारीही हवी होती आणि सिनेटची जागाही सोडायची नव्हती. तोच कायदा १९८८मध्ये लॉइड बेंट्सन यांच्या कामी आला. डुकाकिस यांच्याबरोबर ते हरले, पण त्याच रात्री सिनेट जिंकले, आणि १९९३मध्ये क्लिंटन यांचे अर्थमंत्री झाले. कनेटिकटमध्ये जो लीबरमन यांनी २०००मध्ये हेच केलं, विस्कॉन्सिनमध्ये पॉल रायन यांनी २०१२मध्ये. रायन हरून आपल्या जागी परतले आणि ऑक्टोबर २०१५मध्ये प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले.

यात एक अडचण असते. लीबरमन उपाध्यक्ष झाले असते तर त्यांची सिनेटची जागा भरायचा अधिकार कनेटिकटच्या गव्हर्नरकडे गेला असता, आणि गव्हर्नर होते रिपब्लिकन. म्हणून त्यांच्याच पक्षातले लोक त्यांच्यावर नाराज होते. पक्षाच्या बाजूनं बघितलं तर ती नाराजी रास्त होती. उमेदवाराच्या बाजूनं बघितलं तर त्या जागेमुळेच ते आणखी बारा वर्षं सिनेटमध्ये राहिले.

उलट टोकाला जॉन एडवर्ड्स. नॉर्थ कॅरोलिनाची सिनेटची फेरनिवडणूक लढवणार नाही, असं त्यांनी सप्टेंबर २००३मध्येच जाहीर करून टाकलं, कारण लक्ष अध्यक्षपदाकडे होतं. अध्यक्षपदाची उमेदवारी केरी यांना मिळाली. एडवर्ड्स जोडीत दुसरे झाले आणि जोडी हरली. सिनेटची जागाही रिपब्लिकनांकडे गेली. तेल गेलं, तूप गेलं. जानेवारी २००५पासून त्यांच्याकडे ना मतदानाचा हक्क देणारं सभागृह होतं, ना रोज बातमी देणारं काम. उमेदवारीची पहिली लढत तेव्हा आयोवा राज्यात होत असे, म्हणून पुढची तीन वर्षं त्यांनी तिथे तळ ठोकला. ३ जानेवारी २००८च्या कॉकसमध्ये (पक्षाच्या मतदारांच्या सभांमधल्या निवडीत) ओबामांना साधारण ३७.६ टक्के, एडवर्ड्स यांना २९.७ आणि हिलरी क्लिंटन यांना २९.५ टक्के मिळाले. दुसरा क्रमांक आला, पण तिथे पहिला येण्यावरच सगळा डाव होता. पुढे साउथ कॅरोलिना या जन्मराज्यात ते तिसरे आले. २००४मध्ये तेच राज्य त्यांनी जिंकलं होतं. ३० जानेवारीला त्यांनी माघार घेतली. त्यांचं खासगी प्रकरण त्यानंतर बाहेर आलं. बरेच लोक त्यांच्या अंताचं कारण तेच सांगतात, पण मतदारांनी त्याआधीच निकाल दिला होता.

जेराल्डिन फेरारो यांनीही १९८४मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सची प्रतिनिधीगृहाची जागा सोडली. पुढे सिनेटसाठी १९९२ आणि १९९८ अशा दोनदा पक्षांतर्गत निवडणूक लढवून हरल्या, पहिल्यांदा अगदी थोडक्यात. सेरा पेलिन यांनी तर हातातलं पद स्वतःहून टाकलं. जुलै २००९मध्ये अलास्काचं गव्हर्नरपद मुदत संपायच्या सुमारे दीड वर्ष आधी सोडलं. त्यांच्या पाठिंब्याला २०१०मध्ये खरोखर वजन होतं. साउथ कॅरोलिनात निकी हेली यांना गव्हर्नरपदाच्या वाटेवर त्याचा मोठा फायदा झाला. पण दुसऱ्याला निवडून आणणं वेगळं. २०२२मध्ये स्वतः प्रतिनिधीगृहासाठी उभ्या राहिल्या तेव्हा अलास्कानं त्यांना एकाच वर्षात दोनदा नाकारलं.

तू म्हणशील, मग फ्रँकलिन रूझवेल्ट? तेही १९२०मध्ये उपाध्यक्षपदाला पडले होते, नौदल खात्यातलं पद त्यांनी आधीच सोडलं होतं, आणि तरी १९३२मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. या अपवादावर मला मुद्दाम थांबायचं आहे, कारण पद नसताना काय करावं लागतं ते त्यातूनच कळतं.

कॉक्स-रूझवेल्ट जोडीचा पराभव सपाटून झाला. इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याराज्यांतल्या निर्वाचकांची मतं, ४०४ विरुद्ध १२७. रूझवेल्ट अवघे ३८ वर्षांचे होते आणि अपयशाचं खापर तेव्हाचे अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीवर फुटलं, त्यांच्यावर नाही. पण ऑगस्ट १९२१मध्ये पोलिओनं पाय गेले. त्यानंतरच्या सात वर्षांत त्यांनी केलेलं मुख्य काम म्हणजे पत्रव्यवहार. त्यांचे सहायक लुई हाउ ही बाजू सांभाळत. १९२४चा पराभव झाल्यावर पक्षाच्या सुमारे तीन हजार कार्यकर्त्यांना रूझवेल्ट यांनी पत्र धाडलं: पक्षाचं काय चुकलं, पुढे काय करावं, तुमचं मत कळवा. बघ, मागणी काहीच नव्हती, विचारणा होती. उत्तरं आली आणि राज्याराज्यांत कोण काय विचार करतो याची त्यांची स्वतःची यादी तयार झाली. १९२०मध्ये जी यादी कॉक्स यांची होती, ती आता त्यांची झाली. त्याआधी १९२४च्याच अधिवेशनात न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांचं नाव अध्यक्षपदासाठी सुचवणारं त्यांचं भाषण गाजलं होतं. ते अधिवेशन मतदानाच्या १०३ फेऱ्या चाललं आणि पक्षाची पार शोभा झाली, पण रूझवेल्ट यांच्याबद्दल सगळ्या गटांत चांगलं बोललं गेलं.

मग १९२८. स्मिथ अध्यक्षपदाला उभे राहिले आणि न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद लढवायची गळ त्यांनी रूझवेल्ट यांना घातली. स्मिथ आपलंच राज्य हरले. रूझवेल्ट तिथेच सुमारे पंचवीस हजार मतांनी निवडून आले, चाळीस लाखांहून अधिक मतांमध्ये. १९३०मध्ये हेच मताधिक्य सव्वासात लाखांच्या घरात गेलं. ही मतं पूर्णपणे स्वतःची होती. १९३१मध्ये रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जिम फार्ली अठरा राज्यं फिरून आले आणि स्थानिक नेत्यांना भेटून कोण आपलं, कोण काठावर, हे टिपून घेतलं. १९३२च्या शिकागो अधिवेशनात उमेदवारीला दोन तृतीयांश मतं लागत. पहिल्या तीन फेऱ्यांत ती जमली नाहीत. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाची मतं वळली तेव्हा चौथ्या फेरीत उमेदवारी मिळाली, आणि टेक्सासचे गार्नर उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. पराभव ते उमेदवारी, बारा वर्षं. यातला एकही टप्पा त्यांनी गाळला नाही.

बॉब डोल यांना तर वीस वर्षं लागली. १९७६च्या वादविवादात, उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा तो पहिलाच, विसाव्या शतकातल्या युद्धांचं खापर त्यांनी डेमोक्रॅटांवर फोडलं आणि कडवट माणूस म्हणून त्यांची प्रतिमा झाली. जोडीतल्या दुसऱ्याला नेहमी हेच काम देतात: तू हल्ला कर, वरचा सौम्य राहील. बिल मात्र हल्ला करणाऱ्याच्या नावावर फाटतं. १९८०मध्ये डोल यांना कुणी विचारलं नाही. पण सिनेटची जागा होती. १९८५मध्ये बहुमताचे नेते झाले, १९८८मध्ये आयोवा जिंकून न्यू हॅम्पशायर हरले, आणि १९९६मध्ये उमेदवारी मिळाली. क्लिंटन यांच्यापुढे हरले ही गोष्ट वेगळी.

१९२०पासून उपाध्यक्षपदाला पडून पुढे अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवणारे रूझवेल्ट, मॉन्डेल आणि डोल एवढे तिघेच. मॉन्डेल १९८०मध्ये उपाध्यक्षपदावर असताना हरले होते. जिंकले फक्त रूझवेल्ट.

एडमंड मस्की यांचं उदाहरण वेगळ्या कारणानं लक्षात ठेव. १९६८च्या पराभवात त्यांची प्रतिमा उजळली आणि १९७२ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ते सर्वांत पुढे मानले जात होते. न्यू हॅम्पशायर त्यांनी ४६ टक्के मतांनी जिंकलं, मॅकगव्हर्न यांना ३७. पण शेजारच्या मेनचा सिनेटर निम्म्याहून जास्त मतं घेईल अशी अपेक्षा होऊन बसली होती, म्हणून विजय हा पराभव मोजला गेला. फ्लोरिडात ते चौथे आले आणि मोहीम कोसळली. आधीच्या प्रसिद्धीनं अपेक्षा वाढते आणि स्वतःची यंत्रणा मात्र नवख्याइतकीच असते. हे गणित २००४मध्ये लीबरमन यांनाही चुकवता आलं नाही. त्यांनी तर २०००मधले आपले वरचे उमेदवार अल गोर उभे राहिले तर आपण राहणार नाही असा शब्द दिला होता. गोर यांनी नकार कळवला डिसेंबर २००२मध्ये. तोवर इतरांनी देणगीदार बांधून घेतले होते. वरचा उमेदवार निर्णय लांबवत बसला की दुसऱ्याचा वेळ असा जातो.

आणि अध्यक्षपद हेच भवितव्य का मानायचं? अर्ल वॉरन १९४८ला ड्यूई यांच्याबरोबर हरले, १९५०मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून तिसऱ्यांदा निवडून आले (समोर रूझवेल्ट यांचाच मुलगा जेम्स होता), आणि १९५३मध्ये सरन्यायाधीश झाले. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा एकमुखी निकाल त्यांच्या न्यायालयाचा. ते उपाध्यक्ष झाले असते तर इतकं मोठं काम त्यांच्या हातून झालं असतं असं मला वाटत नाही. टिम केन २०१६नंतर व्हर्जिनियाच्या सिनेट जागेवर परतले, २०२०ला लढणार नाही हे लवकर सांगून टाकलं, आणि २०१८ व २०२४ दोन्ही वेळा निवडून आले. मला हा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

वॉल्झ यांच्याबाबत: मिनेसोटात गव्हर्नरला मुदतींची मर्यादा नाही, तेव्हा तिसरी मुदत मिळवून टिकणं शक्य होतं. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांनी ती लढवायचं जाहीर केलं, पण राज्याच्या मदत योजनांमधल्या गैरव्यवहारांवरून टीका वाढली आणि जानेवारी २०२६मध्ये त्यांनी माघार घेतली. म्हणजे जानेवारी २०२७नंतर हाती पद नाही. निवडणुकीच्या राजकारणात ते परततील असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण २०२४चा पराभव नव्हे.

आता २०२८ला जो कोणी दुसऱ्या जागी हरेल त्याच्याबाबत तू काय बघायचंस ते सांगतो. मतदान ७ नोव्हेंबरला आहे. त्याच मतपत्रिकेवर त्याचं स्वतःच्या जागेसाठी नाव आहे का, हे आधी बघ. पुढच्या वर्षी त्यानं निधी जमवणारी स्वतःची राजकीय समिती काढली का? अशा समितीला एका माणसाकडून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत घेता येतात. इतर कुठल्याही उमेदवाराला प्रायमरीसाठी (पक्षांतर्गत निवडणुकीसाठी) ५,००० आणि मुख्य निवडणुकीसाठी ५,००० देता येतात, पण त्याआधी समिती सहा महिने नोंदलेली, पन्नासहून अधिक देणगीदारांची आणि किमान पाच उमेदवारांना पैसे दिलेली असावी लागते. म्हणून उशिरा काढलेली समिती २०३०च्या मध्यावधीत, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकीत, फारशी उपयोगी पडत नाही. ती कोणाला पैसे देते तेही बघ. लवकर मतदान करणाऱ्या राज्यांतल्या लहान उमेदवारांना देत असेल तर तो माणूस यादी बांधतो आहे. मोठ्या नावांनाच देत असेल तर फोटो काढतो आहे.

उमेदवारीसाठी ५,००० डॉलरहून अधिक जमा किंवा खर्च झाले की पंधरा दिवसांत निवडणूक आयोगाकडे नोंद करावी लागते. त्यानंतरचे तिमाही हिशेब एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १५ तारखेला आणि ३१ जानेवारीला येतात. त्यात २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांची बेरीज वेगळी दिलेली असते. जोडीतून मिळालेलं नाव स्वतःच्या मतांत उतरतं आहे की नाही, ते सर्वांत आधी तिथे दिसतं. तुमच्या न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये येते आणि तोवर बहुतेक वेळा सगळं ठरलेलं असतं, तेव्हा तू जानेवारीचाच हिशेब उघडून बघ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक