मालवाहू टेंपोत बसलेल्या भाविकांना विमा नसतो, हे यात्रेआधी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आमच्या शहापूरच्या गल्लीतून पहाटे पहाटे टेंपो सुटायला लागतात. मागच्या हौद्यात ताडपत्री, तिच्यावर सतरंज्या, कडेला चूल-भांडी आणि पंचवीस-तीस माणसं, मांडीवर पोरं घेतलेली. सगळे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराकडं निघालेले. माघात चिंचलीच्या मायाक्काला आणि चैत्रात जोतिबाला जाताना हेच चित्र. यात्रेच्या दिवसांत आपल्या अंकात बसच्या वेळा, पाण्याची सोय, दर्शनाच्या रांगा अशी माहिती येते. तिच्यात यंदा चार ओळी जास्तीच्या छापाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

मी वकील आहे. राजा लखमगौडा कॉलेजात शिकले, १९९४ साली सनद घेतली आणि त्यातली सव्वीस वर्षं विमा कंपन्यांच्या पॅनेलवर काढली. अपघातात घरातला माणूस गेला, बायको-मुलांनी भरपाईसाठी न्यायाधिकरणात अर्ज केला, की त्या अर्जाला विरोध करायला जी उभी राहते ती मी. नात्यातल्या बायका हळदीकुंकवाला विचारतात, तुला हे करवतं कसं? मी त्यांना एक उदाहरण सांगते. एक माणूस स्वतःच्या मोटारसायकलवरून घसरून पडतो. दवाखान्यात नेल्यावर पहिल्या तासात डॉक्टर लिहितात, ‘स्वतः घसरून पडला’. तीन आठवड्यांनी फिर्याद होते आणि तीत कुणाची तरी विमा असलेली जीप येते. आमच्या भाषेत याला ‘गाडी बसवणे’ म्हणतात. दवाखान्याच्या रजिस्टरातली ती पहिली नोंद शोधून काढणं, डॉक्टरांना साक्षीला बोलावणं, पंचनाम्यातलं टायरचं माप आणि जीपचं टायर ताडून बघणं, यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्याचा मला अभिमान आहे. असले क्लेम मंजूर होत राहिले की खऱ्या विधवेकडेही न्यायाधीश संशयानं बघायला लागतात. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण हे पत्र खोट्या क्लेमबद्दल नाही, एका खऱ्या क्लेमबद्दल आहे.

२०११ साली खानापूर तालुक्यातल्या एका गावची माणसं मालवाहू टेंपोतून यल्लम्माला गेली होती. परतताना बैलहोंगलच्या अलीकडं टेंपो पुलाच्या कठड्यावर आदळून उलटला. त्यात एक गवंडी गेला. वय ३४. मागं बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. टेंपोची पॉलिसी चालू होती, ड्रायव्हरचं लायसन्स बरोबर होतं, हप्ता वेळेवर भरलेला होता. मालकाच्या समजुतीप्रमाणं त्याचा ‘फुल इन्शुरन्स’ होता.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात बाहेरचा माणूस येतो, म्हणजे जो रस्त्यावर गाडीखाली सापडतो तो. गाडीवरचे कामगार येतात, तेही ठरावीक मर्यादेत. आणि मी सनद घेतली त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी त्यात आला. देवाला निघालेला भाविक, लग्नाचं वऱ्हाड, बाजाराला जाताना हात दाखवून चढलेली म्हातारी, यांतलं कुणीच त्यात नाही. मधे काही काळ न्यायालयांनी अशा प्रवाशांनाही भरपाई दिली. पण २००२ च्या अखेरीस आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ही जबाबदारी विमा कंपनीची नाही. ट्रॅक्टरचंही तेच. ट्रॅक्टरच्या आर.सी. बुकात आसनक्षमता एकच असते, ड्रायव्हरची. ट्रॉलीत बसलेली वीस माणसं विम्याच्या कागदावर नसतातच.

म्हणून त्या गवंड्याच्या बायकोच्या प्रतिज्ञापत्रात तिच्या वकिलांनी लिहिलं होतं की नवरा दोन पोती बटाटे विकायला घेऊन चालला होता. म्हणजे तो मालाचा मालक झाला आणि विम्यात बसला. ते प्रतिज्ञापत्र कानडीत होतं. तिला कानडी वाचता येत नव्हतं.

उलटतपासणीला ती पिंजऱ्यात उभी राहिली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पदर घट्ट धरलेला. तिला कानडी प्रश्न नीट कळेनात म्हणून न्यायाधीश मला म्हणाले, तुम्हीच मराठीत विचारा, मी उत्तर लिहून घेतो. मी विचारलं, “बाई, टेंपोत तुमचा माल काय होता?” ती गोंधळली. मी पुन्हा विचारलं, “विकायला काय नेलं होतं?” तेव्हा ती म्हणाली, “विकायला कशाला? आम्ही देवीला गेलो होतो. परडी होती माझ्या हातात. नवस फेडायचा होता, धाकट्याचा.” तिचे वकील उठले आणि परत बसले. लघुलेखकानं ते कानडीत टाइप केलं आणि त्या पानाखाली तिनं मराठीत सही केली. आधी नाव, मग नवऱ्याचं नाव, मग गावाचं.

तो प्रश्न विचारणं माझं काम होतं आणि तिचं उत्तर खरं होतं. पुन्हा ती केस आली तर मी पुन्हा तेच विचारीन. पण कोर्टातून बाहेर येताना ती माझ्याजवळ थांबून म्हणाली, “मॅडम, बरोबर बोलले ना मी?” त्यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही.

२०१४ साली निकाल लागला. महिना सहा हजार उत्पन्न धरलं, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला, उरलेल्या वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणं १६ नं गुणलं : आठ लाख चौसष्ट हजार, वर किरकोळ रकमा आणि व्याज. विमा कंपनी जबाबदारीतून मुक्त; सगळी रक्कम टेंपोच्या मालकानं द्यायची. शाखेतून मला अभिनंदनाचा फोन आला.

मालकाकडं होतं काय? टेंपो फायनान्सवर घेतलेला होता आणि अपघातानंतर हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून नेला होता. घर भावांत सामाईक. तोही त्या गावचाच, त्याच गल्लीतला. भाडंही डिझेलपुरतंच घेतलेलं. तिनं वसुलीची दरखास्त लावली. दोनदा थोडे थोडे पैसे भरून तो पुण्याला कामाला निघून गेला. निकालानंतर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात अपील केलं असतं तर कदाचित ‘कंपनीनं आधी द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत’ असा आदेश मिळाला असता. बलजीत कौर खटल्यात २००४ मध्ये आणि ट्रॉलीवरच्या मजुराच्या ब्रिज मोहन खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं केलेलं आहे. तिला हे कुणी सांगितलं नाही. मी विरुद्ध बाजूची वकील, मला सांगता येत नव्हतं.

माझं स्वतःचं मत असं की ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे कायद्यातच लिहायला हवं. कुठल्या न्यायाधीशांसमोर प्रकरण गेलं यावर दोन मुलांचं शिक्षण अवलंबून असू नये. कंपनीकडं वसुलीची माणसं आहेत, वकील आहेत, वेळ आहे. त्या बाईकडं यातलं काहीच नव्हतं. पॅनेलवर असताना हे जाहीर लिहिणं योग्य नव्हतं. गेल्या मार्चमध्ये मी पॅनेल सोडलं, म्हणून आता लिहिते आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, यात्रा मात्र दर वर्षी येते. वाटेत पोलीस अडवतात, दंडाची पावती फाडतात आणि टेंपो माणसांसकट पुढं सोडतात. त्या पावतीनं गाडीतल्या कुणाचाही विमा होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीतल्या उसावर बायका-पोरं बसून जाताना निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर रोज दिसतात. तेही याच वर्गातले.

तरी संपादक महोदय, यात्रेच्या पानावर एवढं ठळक छापावं : ‘मालवाहू टेंपो, पिकअप किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीतून देवाला जाणाऱ्यांना अपघातात गाडीच्या विम्यातून भरपाई मिळण्याची हमी नाही, गाडीचा इन्शुरन्स ‘फुल’ असला तरी. निघण्यापूर्वी गाडी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली आहे का आणि तिची आसनक्षमता किती, हे आर.सी.वर व पॉलिसीवर बघून घ्या.’ गल्लीतल्या मंडळांनी आणि गावच्या पंचांनी ही चौकट कापून टेंपोमालकाला दाखवावी. ही गोष्ट त्यालाही कुणी सांगितलेली नसते, आणि उद्या घर त्याचंही जातं.

परिवहन महामंडळाची बस करारावर मिळते. माणशी पैसे जास्त पडतात, हे मला माहीत आहे. आमच्या गल्लीनं गेल्या वर्षी वर्गणी काढून तशी बस केली. डेपोत अर्ज आधीच द्यावा लागतो, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलं तर बस मिळत नाही.

आपली,
एक वकील, शहापूर, बेळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)