स्पिंडल परत पाठवायचा होता, एवढंच

मा. संपादक, स.न.वि.वि.

सांगलीची निर्यात म्हटलं की पेपरात द्राक्षं, बेदाणा, हळद येते, येऊ दे की, पण बाहेरनं आलेला माल परत बाहेर पाठवायचा म्हटलं तर काय वैताग होतो त्यावर कोण लिहीत नाही, म्हणून मीच लिहितोय.

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे. जर्मनीहून सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा, एक स्पिंडल (हत्यार धरून फिरवणारा मुख्य दांडा) मागवला, बसवला, आणि पहिल्याच आठवड्यात घरघर सुरू. कंपनीवाले म्हणाले पाठवून द्या, बदलून देतो. मला वाटलं खोक्यात घालायचा आणि कुरिअरवाल्याला बोलवायचं. मुंबईच्या आमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, फोन केला तर ते म्हणाले, थांबा, साधं शिपिंग बिल (माल बाहेर पाठवायचा कस्टम्सचा कागद) भरून माल गेला तर आणताना भरलेली ड्युटी विसरा. कस्टम्स ॲक्टच्या कलम 74 खाली परत पाठवलेल्या मालाची ड्युटी परत मिळते, न वापरलेला असेल आणि 2 वर्षांच्या आत गेला तर 98 टक्के, पण क्लेम शिपिंग बिलातच लावावा लागतो. आणि आलेला माल तोच जातोय हे दाखवावं लागतं.

इथंच घोडं अडलं. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे माल आणतानाच्या कस्टम्सच्या कागदात, आणि इनव्हॉइसवर नुसता पार्ट नंबर आणि "1 नग". सीरियल नंबर कुठंच नाही, तो फक्त स्पिंडलवरच्या पितळी प्लेटवर. तपासणीला साहेबांनी विचारलं, हा तोच कशावरून? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, उद्या कुणी भंगारातला स्पिंडल पाठवून ड्युटी मागेल. शेवटी जर्मनीवाल्यांकडनं टेस्ट सर्टिफिकेट मागवलं, त्यावर सीरियल नंबर आणि आमचा ऑर्डर नंबर दोन्ही होते, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली.

त्याआधी बँकेचं वेगळंच. पैसे न घेता माल बाहेर चाललाय म्हणून जीआर वेव्हरचं, म्हणजे या मालाचे पैसे येणार नाहीत याला बँकेच्या मान्यतेचं, पत्र लागतं. आमच्या ब्रँचमधल्या मॅडमनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं, अर्ज पुण्याला गेला, तिथनं दोनदा परत आला, एकदा तर फक्त लेटरहेडवर शिक्का नाही म्हणून. आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचं (जीएसटीचाच प्रकार) क्रेडिट आम्ही आधीच घेतलेलं, तेवढा भाग ड्रॉबॅकमधनं, म्हणजे परत मिळणाऱ्या ड्युटीतनं, वजा, त्याचं सीएचं सर्टिफिकेट निराळं. या सगळ्यात तीन महिने उलटले. बसवलेला म्हणजे वापरलेला माल, त्याला 3 महिन्यांच्या आत 95 टक्के मिळतात, पुढच्या तीन महिन्यांत 85, मग उतरत जातं, आणि 18 महिन्यांनंतर काहीच नाही. म्हणजे माझे दहा टक्के एका शिक्क्यापायी गेले, मशिन बंद होतं ते वेगळंच.

हे कळल्यावर शेजारच्या शॉपवाल्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांना जुनं जपानी फाइव्ह ॲक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर फिरून कापणारं, मशिन आखाती देशात विकायचं होतं. घेताना एंड यूजचा (मशिन कुठं, कशाला वापरणार याचा) एक कागद न वाचता सही करून दिलेला, त्यात लिहिलेलं की बनवणाऱ्या कंपनीच्या परवानगीशिवाय विकणार नाही, हलवणार पण नाही. आणि असल्या बऱ्याच मशिनला सेन्सर असतो, जागचं हललं की लॉक! शिवाय आपल्याकडं पण असली मशिन्स स्कोमेटच्या, म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येईल अशा मालाच्या, यादीत येऊ शकतात, तसं असेल तर डीजीएफटीचं (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याचं) लायसन काढल्याशिवाय बाहेर जात नाहीत. अमेरिकन मालाचं तर अजून भारी, पैसे आपण मोजलेले, माल सांगलीत, तरी तिसऱ्या देशात पाठवायचा तर त्यांचा कायदा मागं मागं येतो.

माझं म्हणणं एवढंच की परत पाठवायची सगळी भानगड माल येतो त्या दिवशीच ठरते आणि त्या दिवशी कुणी काही सांगत नाही. मशिनरीच्या बिल ऑफ एंट्रीत सीरियल नंबर सक्तीचा करा, इनव्हॉइसवर नसेल तर तिथंच अडवा, चालेल आम्हाला. आपल्या जिल्ह्यातल्या रांजणीच्या ड्राय पोर्टचं (समुद्रापासून लांब, गावातच कस्टम्सचं काम होईल असं बंदर) आम्ही किती वर्षं ऐकतोय, ते होईल तेव्हा होईल, तोवर जिल्हा उद्योग केंद्रात महिन्यातनं एक दिवस कस्टम्सचा आणि बँकेच्या फॉरेक्सचा जाणता माणूस बसवा. चहा आमच्याकडनं.

आपला,
एक लघुउद्योजक, कुपवाड, सांगली