काका, इंजिन खाली उतरलं: एक जाहीर आभारपत्र

सांगली

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला सांगता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. पुरात बुडालेल्या गाड्या आपल्या सांगलीत अजून कितीतरी घरांच्या बोळात उभ्या आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्या मालकांच्याही कामाचं आहे.

आमच्या आण्णांची यामाहाची आरएक्स हंड्रेड मोटरसायकल 1993 ची. 98 सीसीचं इंजिन, पण अकरा हॉर्सपॉवरचं. त्या काळात ती गाडी ज्यानं चालवली तो अजून तिच्याबद्दल बोलताना सरसावून बसतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले तेव्हा ती हँडलपर्यंत पाण्यात होती. नंतर घर सावरण्यातच दिवस गेले, गाडी राहून गेली आणि किक जाम झाली. एका गॅरेजवाल्यानं भंगारात घाला म्हणून सांगितलं. आण्णा त्यावर काही बोलले नाहीत, पण गाडीवरची ताडपत्री मात्र दर पावसाळ्याआधी बदलत राहिले.

तुम्ही आलात, प्लग काढला, बॅटरीच्या उजेडात आत डोकावलात आणि म्हणालात, "क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) धरलाय. इंजिन खाली घ्यायला लागतंय. तूच घे, मी बसतो हितं." काका, सगळ्यात आधी या वाक्याचे आभार. मुलीच्या हातात पाना दिसला की मदत म्हणून तो काढून घेणारे खूप भेटतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेल्या तुम्ही तो एकदाही घेतला नाहीत.

क्रँकच का धरला, हेही तुम्हीच उलगडून सांगितलंत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकखाली ऑइलचा साठा नसतो. पेट्रोल-हवेबरोबर जे थोडं टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं वंगण) येतं तेवढ्यावरच बेरिंगं चालतात. पुराचं पाणी तिथं शिरलं की तळाशी बसून राहतं आणि बेरिंगं गंजतात. तेव्हा पुरातून काढलेल्या गाडीला कुणी किक मारू नये. आधी प्लग काढावा, पाणी बाहेर काढावं.

मला वाटलं होतं, इंजिन काढायचं म्हणजे थेट बोल्टांना भिडायचं. तुम्ही क्रम लावून दिलात. जे नट सर्वात घट्ट, ते इंजिन फ्रेममध्ये असतानाच सैल करायचे. गाडी गिअरमध्ये, चेन चढवलेली, आण्णा मागच्या ब्रेकवर उभे, आणि मी पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करून नट फिरवतेय. क्लचचा नटही तसाच. इंजिन एकदा जमिनीवर आलं की त्याला धरणार कोण? साइड कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरनं चेपतात म्हणून तुम्ही घरून ठोक्यानं स्क्रू फिरवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणलात. मॅग्नेट ओढून काढायला पुलर आणलात आणि हातोडा उचलून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवलात.

मग टाकी उतरली, कार्बोरेटर निघाला, सायलेन्सर निघाला. ऑइल पंपाच्या पाइपच्या तोंडात छोटा बोल्ट खुपसायला लावलात, नाहीतर सगळं ऑइल फरशीवर आलं असतं. वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. गिअर ऑइल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी मिसळलेलं. तुम्ही फक्त मान हलवलीत.

शेवटचा मागचा लांब बोल्ट मात्र हलेना. नट निघाला होता, बोल्ट जागेवरच. माझी नजर हातोड्याकडे गेलेली तुम्ही पाहिलीत. "ठोकू नको. आटे पसरतील. त्याच्यावर वजन हाय, ते आधी काढ." इंजिनखाली लाकडाचा ठोकळा होता, त्यावर एक पातळ फळी सारायला सांगितलीत. आण्णांनी पुढून जरासं उचललं, मी फळी सारली, आणि तोच बोल्ट दोन बोटांनी धरून ओढला तसा सरळ बाहेर आला. जोर लावून जे झालं नसतं ते फळीच्या जाडीएवढ्या फरकानं झालं. तो बोल्ट हातात आल्यावर मला जे वाटलं ते तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते: त्या क्षणी मला पहिल्यांदा खात्री वाटली की ही गाडी पुन्हा चालणार.

आणि आण्णा. गुडघ्यांमुळं ते खाली बसत नाहीत, पण त्या दुपारी ते तुमच्याशेजारी स्टूल टाकून बसले, 1993 सालची खरेदी, कोल्हापूरच्या फेऱ्या, सगळं बोलले. आई आतून ऐकत होती. हे तुमच्यामुळं झालं, आणि याची परतफेड माझ्याकडे नाही.

क्रँक कुपवाडला लेथवर दिलाय. बेरिंगं आणि दोन्ही बाजूंची सीलं नवीन आणलीत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुनी सोबत नेऊन, माप जुळवून. पुलर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर पुसून, ऑइलचा हात फिरवून ठेवलेत. क्रँक आला की कळवते. इंजिनाची केस जोडताना तुमची खुर्ची तिथंच हवी.

तुमची,
शेजारची पोरगी