कुलपातला दोष कळवायचा कुणाला? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,
सादर नमस्कार.

पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी 31 वर्षे फिटर म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर कुलपांच्या छंदाला लागलो. आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारात निघालेल्या गाड्यांच्या दारांची कुलपे आणि इग्निशनचे बॅरल (गाडी सुरू करायची किल्ली ज्यात फिरते ते नळकांडे) विकत आणतो, ते बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडतो आणि किल्लीशिवाय ते कसे उघडतात याचा अभ्यास करतो. जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिका या देशांत हा छंद कित्येक वर्षे उघडपणे जोपासला जातो. तिथल्या मंडळांनी स्वतःला घालून घेतलेले दोन नियम आम्हीही पाळतो. जे कुलूप आपले नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर, ते आपले असले तरी, प्रयोग करायचे नाहीत.

घरच्या कुलपांच्या बाबतीत हे दोन नियम पुरतात. मोटारीच्या बाबतीत मात्र ते अपुरे आहेत, असे मला गेल्या दोन वर्षांत वाटू लागले आहे, आणि हे पत्र त्याच अस्वस्थतेतून लिहीत आहे.

आमच्या शेजारच्या इमारतीतील एका गृहस्थांनी एका संध्याकाळी घाईघाईत आपली समजून दुसऱ्याचीच गाडी उघडली. मॉडेल तेच, रंगही तोच. किल्ली फिरली आणि दार उघडले. दोन्ही मालकांनी मला बोलावले आणि त्यांच्या समक्ष मी तपासणी केली. गाड्या दहा वर्षांहून जुन्या होत्या. मोटारीच्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि योग्य किल्ली घातल्यावर त्या सगळ्या एका पातळीत येतात. पट्ट्या आणि किल्ली दोन्ही झिजली की जवळपासच्या मापाची परकी किल्लीही चालून जाते. इंजिन मात्र त्या परक्या किल्लीने सुरू झाले नाही, कारण किल्लीच्या डोक्यातील चिप ओळखल्याशिवाय इमोबिलायझर गाडी चालू होऊ देत नाही. तरीही जुन्या बाजारातून आणलेल्या त्याच मॉडेलच्या आणखी एका बॅरलमध्ये ती किल्ली फिरली, तेव्हा हा केवळ योगायोग नसावा अशी माझी खात्री झाली.

मी कंपनीच्या ग्राहक कक्षाला सविस्तर पत्र लिहिले, मापे आणि छायाचित्रे जोडली. उत्तर आले ते एवढेच की ग्राहकांनी नेहमी मूळ किल्लीच वापरावी. चोरी झालेली नव्हती, त्यामुळे पोलीस ठाण्यात तक्रार देण्याचा प्रश्न नव्हता. पुढे कुठे जावे हे मला कळेना. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "काका, याचा व्हिडिओ करून टाकू या. लोकांना कळेल आणि कंपनीही जागी होईल." त्याचा हेतू स्वच्छ होता. मी नको म्हणालो, पण का नको, हे त्याला पटेल असे त्या दिवशी मला सांगता आले नाही. ते आज सांगतो.

अमेरिकेत 2022 च्या उन्हाळ्यात किया आणि ह्युंदाई या कंपन्यांच्या साध्या लोखंडी किल्लीच्या काही गाड्या क्षणार्धात कशा सुरू करता येतात, हे दाखवणारे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले. त्या पद्धतीला हाताचे कौशल्य किंवा महिनोन्महिन्यांचा सराव लागत नव्हता, त्यामुळे शाळकरी मुले गाड्या पळवू लागली. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या प्रकाराशी संबंधित किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू झाल्याचे नमूद केले, आणि दोन्ही कंपन्यांना सुमारे 83 लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा द्यावी लागली. हे मृत्यू आमच्यासारख्या छांदिष्टांनी नजरेआड करता कामा नयेत. माहिती कधीच कुणाचे नुकसान करत नाही असे म्हणणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही.

पण त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. 2015 सालच्या मॉडेलांचा हिशेब पाहिला तर अमेरिकेतील इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांमध्ये इमोबिलायझर मूळचाच बसवलेला होता; या दोन कंपन्यांच्या गाड्यांमध्ये हे प्रमाण केवळ 26 टक्के होते. शेजारच्या कॅनडात 2007 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे विकलेल्या त्याच कंपन्यांच्या गाड्यांमध्ये ही त्रुटी नव्हती. म्हणजे व्हिडिओने आग भडकवली हे खरे असले, तरी काही रुपयांची बचत करण्यासाठी सुके गवत वर्षानुवर्षे साठवून ठेवले होते ते उत्पादकांनी, आणि नियम करणाऱ्यांनी ते साठू दिले. एप्रिल 2023 मध्ये 18 महाधिवक्त्यांनी या गाड्या सक्तीने परत बोलावण्याची मागणी केली, तेव्हा ती मान्य झाली नाही, कारण तिथल्या संघीय मानकांत इमोबिलायझरची सक्तीच नव्हती.

कौशल्य आणि कृती यांतला फरक मला या प्रकरणाने शिकवला. व्हाइसमध्ये पकडलेल्या सुट्या बॅरलमधील पट्ट्या बोटांना कशा जाणवतात, हे शिकायला आमच्याकडे येणाऱ्या माणसाला कित्येक महिने लागतात, आणि चोराला तेवढा धीर नसतो. तो काच फोडतो. ते ज्ञान मोकळेपणाने द्यावे, कारण त्यातूनच चांगले कुलूप आणि वाईट कुलूप यांची पारख करणारी माणसे तयार होतात. रस्त्याच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा टांगून बसणाऱ्या किल्लीवाल्याचे पोटही त्याच विद्येवर चालते, आणि परिसरात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच घेतला जातो, हे मला फार अन्यायाचे वाटते. पण अमुक कंपनीचे, अमुक सालचे, अमुक मॉडेल अशा तऱ्हेने उघडते, अशी आयती कृती जी कुणीही ऐकून लगेच वापरू शकेल, ती निराळी गोष्ट आहे. ती आधी उत्पादकाला सांगितली पाहिजे, दुरुस्तीला वेळ दिला पाहिजे आणि मगच इतरांना सांगितली पाहिजे. आमच्या मंडळाने हा तिसरा नियम आता लिहून काढला आहे. तसेच चिपच्या किल्ल्यांची नक्कल करणारी यंत्रे आणि घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश दूरवरच्या गाडीपर्यंत पोहोचवणारी साधने आम्ही हाताळत नाही.

परंतु या तिसऱ्या नियमाला एक अट आहे: ऐकून घेणारा कुणी तरी असला पाहिजे. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधील नायमेखेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांना इमोबिलायझरमधील 'मेगामोस' या चिपची संकेतप्रणाली कमकुवत असल्याचे आढळले. त्यांनी नियोजित प्रसिद्धीच्या नऊ महिने आधी चिपच्या उत्पादकाला कळवले होते. तरीही 2013 मध्ये ही चिप आपल्या गाड्यांत वापरणाऱ्या फोक्सवॅगनने लंडनच्या उच्च न्यायालयातून प्रसिद्धीवर मनाई मिळवली, आणि तो शोधनिबंध एक वाक्य वगळून 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ती संकेतप्रणाली ज्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेली होती, ते 2009 पासूनच इंटरनेटवर मिळत होते. दोन वर्षे अंधारात राहिला तो गाडीचा प्रामाणिक मालक. इतक्या नामांकित संशोधकांची ही गत झाली, तर माझ्यासारख्या निवृत्त फिटरचे पत्र कोण वाचणार?

महोदय, आपल्याकडील कायदा या बाबतीत आंधळा नाही. कॉपीराइट अधिनियमाचे कलम 65अ मालकाच्या अनुमतीने संगणक यंत्रणेची सुरक्षितता तपासण्यास मुभा देते. मालकाची संमती हाच आमचाही पहिला नियम आहे. रात्रीच्या वेळी घरफोडीची हत्यारे सबळ कारणाशिवाय बाळगणाऱ्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 122 आहे. तेव्हा अवजारांवर किंवा शिकण्यावर सरसकट बंदी घालण्याची मागणी आपल्याकडे आली, तर ती मान्य करू नये अशी माझी विनंती आहे. कॅनडाच्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये 'फ्लिपर झिरो' या बिनतारी संदेश टिपणाऱ्या व पाठवणाऱ्या छोट्या उपकरणावर बंदी घालण्याचा मनोदय जाहीर केला होता, आणि जाणकारांच्या आक्षेपांनंतर पुढच्याच महिन्यात भूमिका सौम्य करावी लागली.

माझी मुख्य मागणी मात्र वेगळी आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम 110अ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि दोषाची माहिती मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून आली तरी चालते. पण तो दोष पर्यावरणाला, वाहनातील व्यक्तींना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय करणारा असावा लागतो. कुलपाचा किंवा किल्लीचा दोष या व्याख्येत बसतो की नाही, हे स्पष्ट नाही. अमेरिकेतील आठ मृत्यू पाहता तो बसला पाहिजे, कारण पळवलेली गाडी बहुधा भरधाव आणि अननुभवी हातांनी चालवली जाते. तसे स्पष्टीकरण आपल्या मंत्रालयाने नियमांत करावे. त्याबरोबरच असे दोष कळवण्यासाठी एक नेमका अधिकारी असावा, उत्पादकाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर देण्याचे बंधन असावे, आणि मालकाच्या संमतीने तपासणी करून प्रथम तिथे माहिती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही असे लेखी अभय असावे. एवढे झाले तर त्या तरुणाला व्हिडिओऐवजी करण्याजोगे काही तरी माझ्याकडे असेल.

भारत एनसीएपी या सरकारी टक्कर-चाचणी योजनेमुळे 2023 पासून गाडीची टक्कर सहन करण्याची क्षमता ग्राहकाला ताऱ्यांत दिसते. चोरीला ती किती दाद देते, हे मात्र दिसत नाही. ब्रिटनमधील थॅचम या संशोधन संस्थेने 2019 मध्ये तशी प्रतवारी सुरू केली तेव्हा पहिल्याच यादीतील 11 पैकी 6 गाड्या निकृष्ट ठरल्या. तशी प्रतवारी करण्याजोगी तज्ज्ञ मंडळी पुण्यातील कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआय या वाहन-संशोधन व चाचणी संस्थेत आहेत, याची मला या परिसराचा रहिवासी म्हणून खात्री आहे.

ती किल्ली, भंगारातून आणलेला तो बॅरल आणि मापांची वही माझ्याकडे आहे. मॉडेलचे नाव मी या पत्रात लिहिलेले नाही आणि आमच्या बैठकीतही सांगितलेले नाही. आपण ज्या अधिकाऱ्याला नेमाल त्याच्यापुढे हे सगळे घेऊन मी स्वखर्चाने हजर होईन. दोन्ही गाड्यांच्या मालकांची लेखी संमती मी घेऊन ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर,
पिंपरी-चिंचवड